ताजा बर्फ

मराठी माणसाची आणि बर्फाची पहिली ओळख होते ती गोळेवाल्याच्या गाडीपाशी. गोणपाटात गुंडाळलेली, लाकडाच्या भुशात लोळलेली बर्फाची लादी सायकलच्या कॅरिअरवरून ठिबकत ठिबकत यायची. गोळेवाला ती रंध्यावर घासायचा आणि त्यावर लाल-हिरवं-पिवळं पाणी ओतून आमच्या हातात द्यायचा. बर्फ मुळात पांढरा असतो, ही गोष्ट त्यामुळे आमच्या पिढीला जरा उशिरानंच कळली. दुसरी ओळख सिनेमात. तिथं नायक कोट, मफलर, हातमोजे असा सगळा जामानिमा करून उभा असतो आणि नायिका शिफॉनच्या साडीत. थंडी फक्त पुरुषांना वाजते, असा माझा कॉलेजात जाईपर्यंत समज होता.

भाषेचंही तेच. आभाळातून भुरभुरत खाली येतो तोही बर्फ आणि मासळीबाजारात पापलेटाखाली अंथरतात तोही बर्फच. पुस्तकात 'हिम' आहे; पण "आज जरा हिम पडतंय, छत्री घेऊन जा" असं म्हणणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. ज्या गावाला जायचं नाही त्याची वाट कशाला विचारा, असा आपला सरळ व्यवहार.

आमच्या घरात मात्र हा व्यवहार चालत नसे, कारण अण्णा भूगोलाचे मास्तर होते. वाईच्या शाळेत तीस-बत्तीस वर्षं त्यांनी भूगोल शिकवला. त्यातला निम्मा भूगोल त्यांनी पाहिलेला नव्हता. पण मास्तरानं सगळंच पाहिलेलं असायला हवं असं म्हटलं, तर इतिहासाच्या मास्तरांची मोठीच पंचाईत होईल. अण्णा फळ्यावर खडूनं डोंगर काढायचे, त्याच्या खांद्यावरून एक तुटक रेघ ओढायचे आणि म्हणायचे, "ही हिमरेषा. हिच्या वर बारमाही हिम." मग आवाज एकदम खाली आणायचे. "पाऊस पडतो तो वाजत-गाजत. गारा पडतात त्या भांडत. पण मुलांनो, हिम पडतं ना, त्याचा आवाजच होत नाही." हे वाक्य ते इतकं हळू बोलायचे की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा दंगा थांबवून ऐकायची.

आमच्याकडे दर हिवाळ्यात एक दिवस ठरलेला असे. वर्तमानपत्रात बातमी यायची : 'महाबळेश्वरात हिमकण!' वेण्णा तलावाच्या काठी गवतावर, मोटारींच्या टपांवर पहाटे दव गोठतं, त्याची ही बातमी. अजूनही दरवर्षी येते. गावात एकच खळबळ उडायची आणि अण्णा चहाचा कप खाली ठेवून म्हणायचे, "ते हिम नव्हे. ते दव गोठलंय. दव जागच्या जागी धरतं. हिम वरून पडावं लागतं." आई स्वयंपाकघरातून विचारायची, "मग ते पडताना बघायला कधी जायचं?" अण्णा म्हणायचे, "पुढच्या वर्षी."

यात अण्णांचा दोष नव्हता. अडचण वेळापत्रकाची होती. मास्तरांना सुटी मे महिन्यात आणि बर्फालाही सुटी मे महिन्यातच. जानेवारीत बर्फ कामावर हजर असायचा तेव्हा अण्णांच्या सहामाहीच्या वह्या तपासून व्हायच्या असत. निवृत्त झाल्यावर जाऊ, असं ठरलं. १९९२ साली अण्णा निवृत्त झाले आणि १९९४ साली गेले. मधल्या दोन वर्षांत एकदा गुडघे दुखत होते आणि एकदा माझं लग्न होतं.

पुढं नोकरीच्या फेऱ्यात माझी बदली चंदीगडला झाली. आई पहिल्यांदा आली ती डिसेंबरात. रात्री गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला गेली आणि तिथूनच ओरडली, "अरे, ते आभाळात दिवे कसले?"

"आभाळात नाही आई, डोंगरावर आहेत. कसौली."

"म्हणजे हिमालय?"

"त्याची पहिली पायरी म्हण."

आई कठड्याला धरून बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "मग आता लांब ते काय राहिलं?"

खरं तर काहीच राहिलं नव्हतं. चंदीगडहून शिमला ११५ किलोमीटरच्या आसपास. वाईहून पुण्याला जाऊन पुढं लोणावळ्याला भजी खायला जावं, त्याहूनही कमी अंतर. पण घराजवळच्या गोष्टी माणूस सर्वांत शेवटी पाहतो. आळंदीच्या माणसाला वारीचं कौतुक नसतं, ते सगळं पंढरपूरला निघालेल्यांना. मीही आईला म्हणालो, "पुढच्या वर्षी." पुढच्या वर्षी ऑडिट निघालं. त्याच्या पुढच्या वर्षी हिच्या भावाच्या मुलीचं लग्न निघालं. २०२० साली तर सगळं जगच घरात बसलं. पुन्हा आई आली तेव्हा तिला ऐंशी पूर्ण झाली होती. जेवताना मी सवयीनं "पुढच्या वर्षी" म्हणालो, तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं, भाताचा घास तसाच हातात ठेवून. काही बोलली नाही. पण हिनं रात्री मला विचारलं, "अहो, हे वाक्य तुम्ही कुणाकडून उचललंत, ठाऊक आहे ना?"

दुसऱ्या दिवशी मी नारकंड्याचं हॉटेल ठरवलं.

नारकंडाच का, तर शिमल्यात बर्फ पडेल याची हल्ली खात्री नसते. नारकंडा शिमल्याच्या पुढं साठ-पासष्ट किलोमीटर, उंची सत्तावीसशे मीटरच्या घरात. आईची अट एकच होती. "मला पडलेला नको दाखवू. पडलेला काय, फ्रीजमध्येही असतो. मला पडताना पाहायचाय."

आता बर्फ पडताना गाठायचा म्हणजे हवामान वाईट असेल त्या दिवशी निघायचं. ऑफिसात हे बोललो मात्र, आणि सल्ल्यांचा वर्षाव सुरू झाला. एक जण म्हणाला, टायरातली हवा कमी करा. दुसरा म्हणाला, चुकूनही करू नका. एक म्हणाला, डिझेल शिमल्यातच भरा, आपलं मैदानातलं डिझेल वर थंडीत दाटतं. त्याला मी माझी गाडी पेट्रोलची आहे असं सांगितल्यावर त्याचा चेहरा इतका पडला की मला वाईट वाटलं. शेजारच्या सरदारजींनी मात्र शास्त्रशुद्ध मार्गदर्शन केलं : रात्री गाडी उभी करताना हँडब्रेक ओढायचा नाही, तो गोठून बसतो, गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकामागं दगड लावायचा. वायपर काचेवरून उचलून उभे ठेवायचे, नाहीतर ते काचेला चिकटतात. ब्रेक मारायचा नाही, गिअरवर उतरायचं. एवढं सांगून झाल्यावर मी विचारलं, "आपण कितीदा गेलात?" ते म्हणाले, "ना जी, मैं तो कदे नहीं गया. पागल हाँ?"

हिची तयारी वेगळी. आईला तिनं दोन स्वेटर, एक कोट, दोन शाली, कानटोपी आणि माझे लोकरीचे पायमोजे असं सगळं चढवलं. नऊवारीवर कोट आणि त्यावर कानटोपी घातलेली आई गाडीत बसली तेव्हा ती नक्की कुठल्या सैन्यातून निवृत्त झाली आहे, हे ओळखणं कठीण होतं. डब्यात मेथीचे लाडू, तिखटमिठाच्या पुऱ्या, गूळपोळ्या आणि मेतकुटाची बाटली. हिमालयात जाताना पांडवांनीसुद्धा इतकी शिदोरी नेली नसेल. म्हणूनच बहुधा ते एकेक करून पडले.

परवाणूपासून चढ लागला. रस्ता आता चौपदरी झालाय, त्यामुळे घाट चढतोय असं वाटतच नाही. डोंगर कापलेला दिसतो, एवढंच. पण पलीकडच्या अंगाला अधूनमधून कालका-शिमल्याची छोटी रेल्वे दिसते, ती पाहून आई खूष झाली. १९०३ साली सुरू झालेली ही गाडी अजून त्याच चालीनं चालते. बडोगला तिचा अकराशे मीटरहून लांब बोगदा आहे. असं सांगतात, की बडोग नावाच्या इंग्रज इंजिनियरनं बोगदा दोन्हीकडून खणायला घेतला, पण दोन टोकं आत भेटलीच नाहीत. सरकारनं त्याला एक रुपया दंड केला आणि अपमानानं त्यानं जीव दिला. मी ही हकिकत रंगवून सांगितली. आई म्हणाली, "एक रुपयासाठी? आणि आपल्याकडे पूल पडला तरी बढती मिळते." पुढं सोलनपर्यंत ती त्या बडोगसाठी हळहळत होती.

आईला त्या दिवशी जिथं तिथं बर्फ दिसत होता. "तो काय?" ती संगमरवराची वखार निघाली. "तो?" धोब्यानं वाळत घातलेल्या चादरी. "मग तो तरी?" तो कोंबडीफार्मचा पत्रा होता. शिमला बाहेरूनच टाकून, ढल्लीवरून कुफ्रीला पोचलो तेव्हा शेवटी खरा बर्फ दिसला. रस्त्याच्या कडेला ढीग करून ठेवलेला, घोड्यांच्या लिदीनं रंगलेला, त्यावर चिप्सची पाकिटं खोचलेली. एक माणूस याकवर बसवून फोटो काढायचे पैसे मागत होता. आईनं काच खाली केली, त्या ढिगाकडे नीट पाहिलं आणि काच वर केली.

"हा शिळा आहे," ती म्हणाली.

खरं म्हणजे तिथूनच परत फिरायला हवं होतं. दुपारचे दोन वाजून गेले होते, आणि ठियोगच्या बाजूनं आभाळ राखेसारखं होत चाललं होतं. मागं ऐंशी वर्षांची म्हातारी, शेजारी बायको, आणि चालवणारा मी. माझा घाटाचा अनुभव म्हणजे पसरणी. पण त्या 'शिळा आहे'मध्ये अशी काही निराशा होती, की मी मुकाट्यानं गिअर टाकला.

ठियोगला चहा प्यायलो. टपरीवाल्यानं गाडीच्या नंबराकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "बाऊजी, बर्फ़ से मत डरना. जो दिखता नहीं, उससे डरना." त्या वेळी मला हे काहीतरी वेदान्तातलं वाटलं. अर्थ मतियाना मागं टाकल्यावर कळला. ताज्या भुसभुशीत बर्फात टायर रुतून तरी बसतो. पण दिवसा वितळलेलं पाणी सावलीच्या वळणावर पुन्हा गोठलं, की डांबरावर काचेसारखा पापुद्रा धरतो. खालचं काळं डांबर आरपार दिसतं, त्यामुळे रस्ता नुसता ओला आहे असं वाटतं. त्याच्यावर गाडी जाते, पण चालवणारा जात नाही; तो नुसता आत बसलेला असतो.

आणि नेमकं तेव्हाच मागून आई म्हणाली, "अरे! अरे, ते बघ!"

बर्फ पडत होता. देवदारांच्या मधून, अगदी सावकाश, जणू कुणी वरच्या मजल्यावर गादी पिंजायला घेतलीये. मी पाहिला नाही. माझे दोन्ही डोळे रस्त्यावर, दोन्ही हात चाकावर आणि जीव कुठं होता ते सांगण्यासारखं नाही. ज्यासाठी तीन पिढ्या खोळंबलेल्या, ते काचेवर येऊन टेकत होतं आणि मी वायपरनं ते पुसून टाकत होतो.

पुढच्या वळणावर मी ब्रेक मारला. सरदारजींनी बजावलेलं सगळं आठवत असून मारला. माणसाचा पाय घाबरला की डोक्याला विचारत नाही. गाडीनं आधी विचार केला, मग ती हळूहळू, अगदी सभ्यपणे तिरकी झाली. अपघात म्हणजे काहीतरी झटपट होणारी गोष्ट, अशी माझी कल्पना होती. हा अपघात इतका संथ होता की मधे हिनं "अहो, आपण कुठं चाललोय?" असं विचारलं आणि मी "मलाही माहीत नाही" असं उत्तर दिलं, एवढा वेळ मिळाला. नशिबानं डावीकडं डोंगर होता. पुढचं चाक गटारात उतरलं, बंपर मातीत टेकला आणि गाडी थांबली. उजवीकडं काय होतं, ते मी दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं आणि पाहिल्याबरोबर खाली बसलो.

पाच वाजले. इतक्यातच अंधारायला लागलं. फोनला रेंज नाही. हॉटेल पाच-सहा किलोमीटर पुढं. मी दोनदा गाडी मागं घ्यायचा प्रयत्न केला. चाकं जागच्या जागी फिरली आणि चाक गटारात आणखी खोल गेलं. ही काही बोलत नव्हती. पंचवीस-तीस वर्षांच्या संसारात मला हिच्या बोलण्याची भीती कधी वाटली नाही. न बोलण्याची वाटते. आईचे हात मी हातात घेतले, ते लाकडासारखे गार. "थंडी वाजतेय का?" मी विचारलं. "छे, छे," आई म्हणाली आणि तिचे दात वाजले. त्या क्षणी मला पहिल्यांदा खरोखर कळलं, की आपण काय करून बसलो आहोत. अण्णांनी आईला तीस वर्षं 'पुढच्या वर्षी'वर ठेवलं. निदान जिवंत तरी ठेवलं होतं.

पाऊण तासानं वरून एक पिकअप आली. तिच्या चाकांना साखळ्या बांधलेल्या होत्या आणि आतल्या तीन पोरांच्या अंगावर माझ्यापेक्षा कमी कपडे होते. त्यांनी गाडी ढकलून पाहिली, हसली, पुन्हा ढकलली, आणि मग त्यांतला थोरला म्हणाला, "अंकल, ये सुबह निकलेगी. माताजी को घर ले चलते हैं." मी हॉटेलचं बुकिंग असल्याचं सांगितलं. माणूस बुडताना खिशातली तिकिटं सांभाळतो, त्यातला प्रकार. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि आईला सरळ उचलून पिकअपमध्ये बसवलं.

घर रस्त्याच्या वर, सफरचंदाच्या बागेत. खाली दगडाचं, वर लाकडाचं. आतल्या खोलीत मधोमध पत्र्याची शेगडी होती आणि तिचं धुराडं छपरातून बाहेर गेलेलं. "अम्मा को तंदूर के पास बिठाओ," असं कुणीतरी म्हणालं. आईनं माझी बाही ओढली. "इथं सामिष करतात वाटतं?" खोली तापवायच्या शेगडीलाच इकडं तंदूर म्हणतात, हे कळल्यावर ती त्या तंदुराला इतकी चिकटून बसली, की पुन्हा तिला सामिषाची शंका आली नाही.

घरात एक म्हातारी होती. डोक्याला धाटू बांधलेला, तोंडावर आईच्याइतक्याच सुरकुत्या. तिनं आईचे पाय स्वतःच्या मांडीवर घेतले, माझे पायमोजे काढून फेकले आणि तळवे चोळायला लागली. आई संकोचून "अहो, नको, नको" म्हणत होती, ती म्हातारी पहाडीत तिला दटावत होती आणि दोघींचं अगदी व्यवस्थित चाललं होतं. जेवायला सिड्डू आला. आंबवलेल्या कणकेचा मोठा उंडा, आत अक्रोड आणि खसखस, वाफेवर उकडलेला, वरून तुपाची धार. आईनं मोडून पाहिला, वास घेतला, खाल्ला आणि निर्णय दिला, "हा आपला मोदक. फक्त कळ्या पाडायला वेळ मिळाला नाही." मग डब्यातल्या गूळपोळ्या निघाल्या. म्हातारीनं दोन खाल्ल्या, दोन पदराला बांधल्या.

जेवण झाल्यावर आईनं ज्यासाठी एवढा प्रवास केला तो प्रश्न विचारला. आईचं हिंदी म्हणजे मराठीलाच 'है' लावलेलं. "क्यों जी, वो बरफ पडता है, तब उसका आवाज होता है क्या?"

म्हातारी हसली. "हिऊं का? ना. हिऊं तो दबे पाँव आता है."

आईनं मला विचारलं, "काय म्हणाली? हिंव?"

"हिऊं. यांच्या भाषेत बर्फाला म्हणतात."

"मग ते आपलंच की!" आई ताठ बसली. "हिंव भरलं, हिंवताप, हिंवाळा. अरे, हे नेहमी म्हणायचे, आपल्याकडं हिमाला शब्द नाही. होता की शब्द! आपण नुसती थंडी घेतली आणि बर्फ इकडंच सोडून गेलो."

मी बी.ए.ला मराठी घेऊन पास झालेला माणूस. हे मला कधी सुचलं नव्हतं. 'हिम'मधला 'म' झिजत झिजत आपल्याकडं त्याचा अनुस्वार झाला, आणि १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी तोही पुसून टाकला. बर्फाची आमच्याकडं एवढीच एक खूण उरली होती, ठिपक्याएवढी, तीही वितळली.

घरचा कर्ता माणूस तेवढ्यात बाहेरून आला, टोपीवरचा बर्फ झटकत, आणि इतका आनंदात, जणू मुलाचा निकाल लागलाय. आम्ही ज्याच्यापायी मरता मरता वाचलो, त्याची ही माणसं दोन महिने वाट पाहत होती. त्यानं समजावून सांगितलं. पानगळ झाली की सफरचंदाचं झाड झोपतं. मग सात अंशांच्या खालची थंडी त्यानं हजारेक तास अंगावर घ्यावी लागते. त्याशिवाय वसंतात ते धड फुलत नाही. शिवाय साठलेला बर्फ हळूहळू वितळत मुळांशी मुरतो, पावसासारखा वाहून जात नाही. "ये हमारी सफ़ेद खाद है," तो म्हणाला. इथून जवळच कोटगढ. तिथं सॅम्युअल स्टोक्स नावाच्या अमेरिकनानं १९१६ साली आपल्या देशातून लाल गोड सफरचंदाची रोपं आणून लावली. पुढं तो गांधीजींच्या चळवळीत तुरुंगात गेला आणि १९३२ साली धर्म बदलून सत्यानंद झाला. आज इथल्या डोंगराडोंगरांवर सफरचंद दिसतं, ते त्या रोपांमागून आलं. आईला त्याच्या देशापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं कौतुक वाटलं. "झाड तास मोजतं?" तिनं मला दोनदा विचारलं. मग शेगडीकडं पाहत म्हणाली, "यांना सांगायला हवं होतं. वर्गात सांगितलं असतं त्यांनी."

रात्री आम्हाला रजयांचा एवढा ढीग मिळाला की कूस बदलायची म्हणजे आधी अर्ज द्यावा लागे. मला झोप लागली असेल-नसेल, तोच आईनं हलवलं. घड्याळात तीन वाजले होते.

"काय झालं? बरं वाटत नाही का?"

"ऊठ. ऐक."

मी ऐकलं. "काही ऐकू येत नाही."

"तेच ऐक."

मी उठून खिडकीची फळी थोडी सरकवली. बाहेर बर्फ पडत होता. देवदार, बाग, पिकअप, सगळं पांढरं होऊन गेलं होतं आणि त्या सगळ्यातून टाचणीएवढासुद्धा आवाज येत नव्हता. ताजा बर्फ भुसभुशीत असतो. आवाज त्यात शिरतो आणि जिरतो, परत येत नाही. हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं. कुत्रं भुंकत नव्हतं, पान हलत नव्हतं. बत्तीस वर्षं फळ्यापुढं उभं राहून अण्णा आवाज खाली आणायचे, तो त्यांनी इतका खाली कुठून आणला असेल?

आई खिडकीशी माझ्याशेजारी उभी होती, शालीतून हात बाहेर काढून. तळव्यावर दोन-तीन पाकळ्या पडल्या, थांबल्या आणि गेल्या. तिनं हात डोळ्यांशी नेऊन पाहिला, पदराला पुसला.

"बरोबर होतं हो यांचं," ती म्हणाली. "मला नेहमी वाटायचं, मुलांनी गप्प बसावं म्हणून सांगतात."

मी काही बोललो नाही. बोलायला गेलो असतो तर आवाज झाला असता.

थोड्या वेळानं आईच म्हणाली, "लाव आता ती फळी. इतकं गार असतं, हे मात्र सांगितलं नव्हतं त्यांनी."

सकाळी बाहेर आलो तर दीड फूट बर्फ आणि ऊन इतकं लख्ख की डोळे उघडवेनात. जेसीबीनं रस्ता साफ केला, पोरांनी गाडीखाली माती आणि राख टाकली, साखळी बांधून पिकअपनं तिला बाहेर ओढली. मी पाकीट काढलं. कर्त्या माणसानं ते माझ्याच खिशात परत घातलं आणि डिकीत सफरचंदांची पेटी ठेवली. आईनं म्हातारीला मेतकुटाची बाटली दिली आणि ते कसं खायचं ते मराठीतून पाच मिनिटं समजावलं. म्हातारीनं पहाडीतून काही शंका विचारल्या. त्यांचं समाधान झालं असावं.

उतरताना मी ब्रेकला पाय लावला नाही. दुसऱ्या गिअरवर, ताशी पंधराच्या वेगानं ठियोगपर्यंत आलो. त्या टपरीवाल्यानं गाडीच्या बंपरकडं पाहिलं आणि चहात साखर जास्त घातली.

आई आता वाईला असते. गेल्या हिवाळ्यात तिचा फोन आला. पेपरात महाबळेश्वरच्या हिमकणांची बातमी आली होती आणि शेजारचे लोक पहाटे गाडी काढून बघायला गेले होते.

"तू नाही गेलीस?"

"मी कशाला जाऊ? त्यांना सांगितलं मी, ते हिंव नव्हे. दव आहे. हिंव वरून पडावं लागतं."

"मग काय म्हणाले?"

"म्हणाले, आजी, तुम्ही पाहिलंय का? मी म्हटलं, पाहिलंय की. ऐकलंयसुद्धा."